एमआयडीसी येणार म्हणजे नेमकं काय येणार? मोजणीच्या आधी गावानं मांडायचा वीस वर्षांचा हिशेब

नाशिक : समृद्धी महामार्गाच्या आजूबाजूला, सिन्नर-इगतपुरी पट्ट्यात एक चित्र आता नेहमीचं झालं आहे. बांधाजवळ चारचाकी थांबते. दोघं उतरतात, गट नंबर विचारतात, विहिरीला पाणी किती ते विचारतात आणि जाताना हळूच सांगतात, "इथं एमआयडीसी पडणार आहे, भाव आहे तोवर देऊन टाका." संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नकाशा फिरतो. नकाशा कोणी काढला, कधी काढला, कशासाठी काढला, हे कोणालाच माहीत नसतं. पण पारावरचा विषय ठरतो : जमीन द्यायची की नाही?

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधी चार प्रश्न येतात. पाणी कुठलं? कारखाना नेमका कसला? त्यात काम कोणाला? आणि गावातल्या लहान धंद्याला त्यातून काय मिळणार? या चारांची उत्तरं आधी मिळाली तर जमिनीचा निर्णय सोपा होतो. ती न मिळता जमीन गेली, तर पुढची वीस वर्षं नुसती वाट बघावी लागते. नाशिक जिल्ह्यात दोन्ही प्रकारची उदाहरणं आहेत, म्हणून हा विषय सविस्तर समजून घेऊ.

नाशिकचे कारखाने एका दिवसात आले नाहीत

नाशिकरोडला चलार्थपत्र मुद्रणालय, म्हणजे नोटांचा छापखाना, १९२८ मध्ये सुरू झाला. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ चा. तिथं मिग विमानं बनली, पुढे सुखोई बनली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या नव्या साखळीतून तयार झालेल्या तेजस विमानानं उड्डाण केलं. राज्यात एमआयडीसीची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर सातपूर, मग अंबड, मग सिन्नरजवळचं माळेगाव, गोंदे-वाडीवऱ्हे, दिंडोरीतलं तळेगाव-अक्राळे अशा वसाहती एकेक करून उभ्या राहिल्या.

यात सहकारातूनही काम झालं, हे पुष्कळांना माहीत नसतं. सातपूरची 'नाईस' ही सहकारी औद्योगिक वसाहत आहे. सिन्नरच्या मुसळगावची वसाहतसुद्धा सहकारी तत्त्वावरची आहे. एकेकाळी विडी वळणाऱ्यांचं गाव म्हणून सिन्नर ओळखलं जायचं. पूर्वेकडं वावी-पाथऱ्यापर्यंत पाऊस कमी, शेतीचा भरवसा नाही. अशा तालुक्यात छोट्या उद्योजकांनी एकत्र येऊन वसाहत उभी केली, हा आपल्याच जिल्ह्यातला धडा आहे.

सांगायचं काय, तर उद्योग म्हणजे द्राक्षबाग नव्हे की लावली आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी छाटणी करून माल घेतला. ती चिंचेची लागवड आहे. आज लावली तर पोरांच्या हाताला फळ येतं. म्हणून नियोजनही त्याच मापाचं लागतं, पाच वर्षांच्या निवडणुकीच्या मापाचं नाही.

मोठी कंपनी हे खोड, लहान कारखाने या मुळ्या

एक मोठा वाहन कारखाना आला की तो सगळं स्वतः बनवत नाही. नट-बोल्ट, पत्र्याचे भाग, रबर, वायरिंग, रंगकाम, पॅकिंगची खोकी, कॅन्टीन, वाहतूक हे सगळं बाहेरून घेतो. हे बाहेरचे जे लहान कारखाने असतात, त्यांनाच व्हेंडर म्हणतात. सातपूर-अंबडच्या बहुतेक गाळ्यांत हेच काम चालतं. एखाद्या गाळ्यात दहा-पंधरा माणसं असतात, पण असे शेकडो गाळे मिळून जितकी कामं देतात तितकी एकटी मोठी कंपनी देत नाही.

याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. सगळ्या मुळ्या एकाच बाजूला गेल्या तर झाड वाऱ्यात पडतं. नाशिकच्या अनेक गाळ्यांचं पोट वाहनांच्या सुट्या भागांवर चालतं, त्यात डिझेल इंजिनाच्या भागांचा वाटा मोठा. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, काही कार कंपन्यांनी लहान डिझेल गाड्या बंद केल्या आणि आता विजेवरच्या गाड्या वाढत आहेत. विजेच्या गाडीला डिझेलचा पंपही लागत नाही आणि इंजेक्टरही लागत नाही. म्हणजे पोरगं आज ज्या मशीनवर काम शिकतंय, त्या मशीनवर बनणारा भाग दहा वर्षांनी विकला जाईल का, हाही नियोजनाचाच प्रश्न आहे. एकाच पिकावर सगळं रान लावू नये, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. उद्योगालाही तोच नियम आहे.

शेजारची गोष्ट : बिडकीनला काय जमलं?

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या सुरुवातीच्या आराखड्यात इगतपुरी-नाशिक-सिन्नर हा पट्टाही होता. पण राज्यात प्रत्यक्षात मोठं काम उभं राहिलं ते छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा आणि बिडकीनला. या वसाहतीला 'ऑरिक' म्हणतात. दोन्ही भाग मिळून साधारण १० हजार एकर. नाशिकच्या पट्ट्यात पाण्याचा प्रश्न होता आणि बागायती जमीन द्यायला शेतकऱ्यांचा विरोधही होता. तो विरोध समजण्यासारखा आहे, कारण हातातली द्राक्षबाग सोडून कागदावरच्या कारखान्यावर कोण विश्वास ठेवणार?

शेंद्रा-बिडकीनला तीन गोष्टी घडल्या. एक, तिथं आधीपासून पाया होता. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे, त्याच्याभोवती व्हेंडर तयार झालेले होते, काम येणारे हात होते. दोन, भूखंड विकायच्या आधी रस्ते, पाण्याची लाइन, जमिनीखालून वीज, सांडपाण्याची व्यवस्था हे काम हाती घेतलं गेलं. तीन, हे सगळं बघायला केंद्र आणि राज्य यांची मिळून एक स्वतंत्र कंपनी २०१४ मध्ये स्थापन झाली. म्हणजे जबाबदार कोण, हे ठरलेलं होतं.

तरीही वेळ किती लागला बघा. शेंद्रा भागाचं लोकार्पण सप्टेंबर २०१९ मध्ये झालं, बिडकीनचं सप्टेंबर २०२४ मध्ये. टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी सामंजस्य करार केला तो जुलै २०२४ मध्ये. जमीन घेण्याची धावपळ सुरू झाल्यापासून मोठी नावं यायला दहा-बारा वर्षं गेली. आणि सामंजस्य करार म्हणजे कारखाना नव्हे. करारानंतर जागा, परवानग्या, बांधकाम, मशिनरी आणि मग भरती. तेव्हा "अमुक हजार नोकऱ्या येणार" अशी बातमी वाचली की ती कोणत्या पायरीवरची आहे, हे आधी बघावं.

आपल्याच तालुक्यातली दुसरी गोष्ट

सिन्नर तालुक्यात मुसळगाव-गुळवंच परिसरात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी मोठी जमीन घेतली गेली, त्याला आता दीड तपाहून जास्त काळ झाला. तिथं १३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. चिमण्या उभ्या राहिल्या, पण वीज खरेदीचा करार आणि कोळसा आणणारी रेल्वे लाइन या दोन गोष्टी वेळेत जुळल्या नाहीत. संच वर्षानुवर्षं बंद राहिले. बाकीच्या जमिनीवर जितके कारखाने येतील असं सांगितलं गेलं होतं तितके आले नाहीत आणि बरीच जमीन नुसती पडून राहिली.

इथं पैसा लागला नाही असं नाही, जमीन मिळाली नाही असंही नाही. पण साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्या कड्यांचा उपयोग होत नाही. मोटार नवी, पाइप नवे, विहीर भरलेली, पण वीज कनेक्शनच नाही, तर पाणी शेतात येत नाही, तसंच हे आहे.

नाशिक-पुणे रेल्वेचंही तसंच झालं. सिन्नर तालुक्यात काही शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्याही गेल्या. नंतर जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल, या कारणावरून मार्गच बदलायची वेळ आली. दुर्बीण काही नवी नव्हती, अनेक वर्षांपासून तिथंच होती. ही अडचण नकाशा काढतानाच धरायला हवी होती.

पाण्याचा हिशेब : एक कोटी लिटर म्हणजे किती?

कारखान्यांचं पाणी एमएलडीमध्ये मोजतात. एक एमएलडी म्हणजे रोज १० लाख लिटर. धरणाचं पाणी टीएमसीमध्ये मोजतात. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. गंगापूर धरणाची क्षमता साधारण साडेपाच टीएमसी आहे.

समजा, एखाद्या वसाहतीला रोज १० एमएलडी, म्हणजे एक कोटी लिटर पाणी लागणार आहे. वर्षाचे झाले ३६५ कोटी लिटर. म्हणजे साधारण टीएमसीचा आठवा भाग. ऐकायला थोडं वाटतं. आता शेतीच्या भाषेत बघू. रब्बीच्या पिकाला हंगामात एकूण ५० सेंटिमीटर पाणी धरलं, तर एका हेक्टरला ५० लाख लिटर लागतात. मग ३६५ कोटी लिटरमध्ये ७३० हेक्टर, म्हणजे १,८०० एकरांच्या आसपास भिजतं. हा ढोबळ हिशेब आहे, पाटातली गळती यात धरलेली नाही. पण ग्रामसभेत उभं राहून विचारायला एवढा पुरेसा आहे.

पाण्याच्या बाबतीत तीन गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली, कोणाचा नंबर आधी. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलला. आता पिण्याचं पाणी, मग शेती, मग उद्योग.

दुसरी, नाशिकचं पाणी एकट्या नाशिकचं नाही. २००५ च्या कायद्यानुसार खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप करायचं आहे. म्हणून कमी पावसाच्या वर्षी नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावं लागतं. गोदावरी खोऱ्यात नवा कारखाना आणताना हे वर्ष डोळ्यासमोर ठेवूनच आकडा धरला पाहिजे. धरण भरलेल्या वर्षाचा आकडा कामाचा नाही.

तिसरी, सांडपाण्याला किंमत आहे. नाशिक शहरातून रोज बाहेर पडणारं पाणी शुद्ध करून कारखान्यांना दिलं, तर धरणातलं तेवढं पाणी वाचतं. मोठ्या सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी असं पाणी वापरावं, असं केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणातच म्हटलं आहे. नव्या वसाहतीसाठी "पाणी कुठलं?" याचं पहिलं उत्तर धरण नसून हे असायला हवं.

पाणी नीट मोजलं आणि वाटलं की काय होतं, हे दिंडोरी तालुक्यात वाघाडच्या पाणी वापर संस्थांनी दाखवून दिलेलं आहे. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी भरायची, शेवटच्या शेतकऱ्यालाही द्यायचं. जे शेतकऱ्यांना जमलं ते कारखान्यांना जमायला हरकत नाही.

रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, शिर्डी-भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर-इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला केंद्रानं जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. ते बंदर समृद्धीला जोडण्यासाठी तवा ते भरवीर असा साधारण १०५ किलोमीटरचा रस्ता राज्य सरकारनं मंजूर केला आहे. म्हणजे इगतपुरी तालुक्यातलं भरवीर उद्या बंदराच्या वाटेवरचं मोठं नाकं ठरू शकतं.

पण महामार्ग हा बंद रस्ता आहे. चढायला-उतरायला ठरावीक जागा असतात. वरून गाड्या सुसाट जातात आणि खालच्या गावाला नुसता भुयारी मार्ग मिळतो, हेही आपण बघतोय. शिवाय रस्त्यावरून आपला माल बंदरावर जातो, तसा बिडकीनचा आणि जालन्याचाही जातो. रस्ता झाला म्हणून कारखाना आपल्याकडंच थांबेल असं नाही. थांबण्यासाठी त्याला इथं काहीतरी मिळायला लागतं : काम येणारी माणसं, जवळचे व्हेंडर, पाणी, न जाणारी वीज.

कांदा लासलगावचा, पावडर महुव्याची

कारखाना म्हटलं की आपल्याला लोखंडच आठवतं. पण शेतमालावर प्रक्रिया हाही कारखानाच. लासलगाव ही कांद्याची देशातली नावाजलेली बाजारपेठ. पण कांदा वाळवून त्याच्या चकत्या आणि पावडर करणारे कारखाने एकवटले ते गुजरातमध्ये, भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याला. आपल्याकडं जळगावला हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. असं का? वाळवायला पांढरा कांदा लागतो आणि त्यात घट्ट अंश जास्त असावा लागतो. त्यात पाणी कमी, म्हणून वाळवायला खर्च कमी आणि माल जास्त. नाशिकचा लाल आणि उन्हाळ कांदा खायला चांगला, उन्हाळ साठवायलाही चांगला, पण पावडरीला तितका परवडत नाही.

म्हणजे नुसती शेड बांधून आणि मशीन आणून प्रक्रिया उद्योग होत नाही. त्याची सुरुवात बियाण्यापासून होते. कोणती जात लावायची, कोण घेणार, कोणत्या भावानं घेणार, हे आधी ठरावं लागतं. भाव पडले की "प्रक्रिया उद्योग आणा" म्हणायचं आणि भाव चढले की कारखान्याला ठरलेला माल न देता बाजारात न्यायचा, असं दोन्हीकडून चालत राहिलं तर कारखाना टिकत नाही.

वाइनचंही तसंच. राज्यानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क केलं. वाइनची द्राक्षं लावली गेली. २००८ च्या मंदीत मागणी घटली, काही वायनरी बंद पडल्या आणि काही शेतकऱ्यांना बागा काढाव्या लागल्या. ज्यांनी बाजार बांधला, पर्यटनाची जोड दिली, ते टिकले.

चांगलं उदाहरणही घरचंच आहे. दिंडोरी तालुक्यात मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी. थोड्या शेतकऱ्यांनी मिळून द्राक्ष निर्यातीपासून सुरुवात केली, नंतर शेतकरी उत्पादक कंपनी केली, मग टोमॅटोसह इतर फळं-भाज्यांवर प्रक्रिया सुरू केली. २०२२ मध्ये त्यांच्या प्रक्रिया कंपनीत युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की आधी माल आणि गिऱ्हाईक जुळवलं, कारखाना नंतर आला. आणि मालकी शेतकऱ्याची राहिली.

नोकरी कोणाला? '८० टक्के स्थानिक'चा खरा अर्थ

गावोगाव एक समज पक्का आहे, की कारखान्यात ८० टक्के पोरं आपल्या गावची घेणं बंधनकारक आहे. शासनाची सवलत घेणाऱ्या उद्योगांसाठी असं धोरण आहे हे खरं. पण त्यातला 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. आपल्या तालुक्याचाच असा त्याचा अर्थ होत नाही. गोंद्याच्या कंपनीत लातूरचा किंवा गोंदियाचा मुलगा लागला तरी तो नियमात स्थानिकच. त्यामुळं नियमावर विसंबून चालणार नाही. पोरांच्या हातात कसब पाहिजे.

जमीन जाणाऱ्या घरातलं पोरगं आज दहावीत असेल, तर कारखाना सुरू होईपर्यंत ते पंचविशीत जाईल. मधल्या काळात ते काय शिकलं, यावर ते कंपनीत ऑपरेटर होणार की गेटवर सुरक्षारक्षक, हे ठरतं. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड आहेतच. पण आता संगणकावर चालणारी मशीन, रोबोट, विजेच्या गाड्या यांचं काम शिकावं लागेल. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यांच्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के. गावातून किती पोरं या वाटेनं जातात, हे एकदा मोजून बघा.

मुलींचाही विचार यातच करावा. दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये बायका मोठ्या संख्येनं कामाला जातात. पण पाळी संध्याकाळी सुटली आणि एसटी नसली, तर घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. बस आणि पाळणाघर ही लहान वाटणारी गोष्ट आहे, पण तिच्यावर अर्ध्या गावाचा रोजगार अवलंबून आहे.

जमिनीचा कायदा, सोप्या भाषेत

एमआयडीसीसाठी जमीन १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्यानं घेतली जाते. त्यात दोन नोटिसा महत्त्वाच्या.

कलम ३२(२) ची नोटीस म्हणजे "तुमची जमीन का घेऊ नये, ते सांगा". हरकत घ्यायची ती इथंच, दिलेल्या मुदतीत आणि लेखी. झाडं, विहीर, पाइपलाइन, शेड, वाटणीचे वाद, सगळं इथं मांडायचं. पोहोच घ्यायची.

कलम ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आली की जमीन शासनाची होते. मग वाद राहतो तो फक्त मोबदल्याचा. मोबदला आधी संमतीनं ठरवायचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर जिल्हाधिकारी ठरवतात. विकसित भूखंड परत मिळणार असेल तर किती टक्के, कुठं, किती वर्षांत, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन सातबाऱ्यावर चढत नाही.

नोटीस येण्याआधी दलाल येतो, तो वेगळा रस्ता. शेतकरी नसलेल्याला एरवी शेतजमीन घेता येत नाही, पण खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी कूळ कायद्याच्या कलम ६३-१अ मध्ये सवलत आहे. त्या नावाखाली जमीन घेऊन ठेवायची आणि भाव वाढल्यावर विकायची, असं होऊ शकतं. मोबदल्याचा फायदा मग मूळ मालकाला मिळत नाही, मधल्याला मिळतो.

पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरीतल्या आदिवासी बांधवांसाठी दोन संरक्षणं आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडं परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. साध्या स्टॅम्पपेपरवर केलेला व्यवहार तिथं चालत नाही. आणि अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत १९९६ च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावाच लागतो.

गावानं आज काय करावं?

मोजणीवाला यायची वाट बघू नका. खालची कामं कोणत्याही ग्रामसभेत सुरू करता येतात.

१. गावाचं पाणी लिहून काढा. विहिरी, बोअर, पाझर तलाव, उन्हाळ्यात टँकर किती लागले. पुढे प्रदूषण झालं किंवा विहिरी आटल्या, तर आधीची स्थिती दाखवायला हाच कागद लागेल.

२. जमिनीचे तीन भाग करा. बागायत, जिरायत, आणि माळ-पडीक. कारखान्याला जागा द्यायचीच झाली तर आधी माळाची, शेवटी बागेची, असा ठराव आधीच करून ठेवा.

३. गावातल्या १५ ते २५ वयाच्या मुला-मुलींची यादी करा. कोण काय शिकतंय, कोणाला काय शिकायचंय. ही यादी घेऊन आयटीआय आणि जवळच्या वसाहतीतल्या उद्योजक संघटनेकडं जा. नाशिकमध्ये निमा आणि आयमा या संघटना आहेत.

४. लहान धंद्याची सुरुवात आज करा. वेल्डिंग, पॅकिंग, मसाले, बेदाणा, गाड्यांची दुरुस्ती, काहीही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत होतो. अन्नप्रक्रियेसाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. उद्या मोठी कंपनी आली तर ती चालू असलेल्या गाळ्याला काम देते, कागदावरच्या नाही.

५. कारखाना कोणत्या रंगाचा, ते विचारा. प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगांची लाल, केशरी, हिरवी, पांढरी अशी वर्गवारी करतं. लाल म्हणजे जास्त प्रदूषणाचा. जनसुनावणी लागली तर त्या दिवशी शेतातलं काम बाजूला ठेवून जा आणि म्हणणं इतिवृत्तात लिहिलं गेलं का, ते तपासा.

६. घरातली वाटणी, वारस नोंद, सातबारा दुरुस्ती आत्ताच करून घ्या. मोबदला सगळ्यात जास्त अडकतो तो भावाभावांच्या भांडणात.

७. पैसा आला तर तो कुठं जाणार, हे घरातल्या बाईमाणसांना विचारून आधी ठरवा. जमीन पिढ्यान् पिढ्या खायला घालते, मोबदला एकदाच येतो. गाडी, बंगला आणि लग्न यातच तो संपला, तर ज्या कंपनीला जमीन दिली तिच्याच गेटवर रोजंदारीला उभं राहायची पाळी येते.

उद्योग यायला पाहिजेत, यात दुमत नाही. दोन एकरांवर तीन भावांची कुटुंबं चालत नाहीत, हे प्रत्येक घराला माहीत आहे. बेभरवशाच्या पावसावर आणि कांद्याच्या भावावर पोरांची लग्नंही जमेनाशी झाली आहेत. म्हणूनच येणारा कारखाना टिकणारा हवा, आपल्या पाण्यात बसणारा हवा आणि आपल्या पोरांना आत घेणारा हवा. हे ठरवायची ताकद मुंबईच्या टेबलावर जितकी आहे, तितकीच ग्रामसभेच्या ठरावातही आहे. फक्त तो ठराव मोजणीच्या आधी झालेला असावा.

पुढच्या वेळी बांधाजवळ चारचाकी थांबली आणि कोणी गट नंबर विचारला, तर भाव सांगायच्या आधी एवढंच विचारा : पाणी कुठलं आणणार?